तालुक्याच्या गावात ई२ एन्झाइम: मागवण्यापासून पहिल्या जेलपर्यंत

आमच्या कॉलेजात पहिलं ई२, म्हणजे युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन वाहून नेणारं एन्झाइम, आलं, तेव्हा थर्मोकोलची पेटी उघडली प्रयोगशाळेतल्या काकांनी. एवढ्या मोठ्या पेटीत बोटाच्या पेराएवढी एक नळी. काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "मॅडम, यात तं काईच नाई जी. खाली शिशी पाठवली त्यायनं."

नळी खाली नव्हती. आत पन्नास मायक्रोलिटरचा थेंब होता आणि काकांनी नळी उलटी केल्यावर तो झाकणाकडे ओघळला. मला त्यातच आनंद झाला. थेंब ओघळला म्हणजे तो वितळलेला होता आणि उणे सत्तरला राहायला हवं होतं ते एन्झाइम आपल्या उन्हात किती वेळ पडून होतं कोण जाणे, हे त्या घडीला डोक्यातच आलं नाही. कळलं ते तीन आठवड्यांनी, चार जेल (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून बघायचा पातळ थर) वाया गेल्यावर.

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही नव्याने पीएच.डी.ला लागला असाल किंवा छोटा प्रकल्प मिळाला असेल, तर हे तुमच्यासाठी. मोठ्या संस्थेतले प्रोटोकॉल लिहिणारे गृहीत धरतात की उणे ऐंशीचा फ्रीझर शेजारच्या खोलीत आहे आणि लाईन कधी जात नाही. आपलं तसं नसतं.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं, साधारण साडेआठ किलोडाल्टनचं (प्रथिनाच्या वजनाचं माप) छोटं प्रथिन. पेशी ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटवते आणि त्यावरून त्यांचं पुढे काय करायचं ते ठरतं; बऱ्याचदा ती खुणेची प्रथिनं मोडीत काढली जातात. या शोधासाठी २००४ साली ॲरॉन सिकॅनोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चिकटवण्याचं काम तीन हातांतून होतं. कापसाच्या गाडीवरून सांगते: ई१ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून गाडी भरून देतो, ई२ ती गाडी हाकतो, आणि माल कोणाच्या दारात उतरवायचा ते ई३ दाखवतो. माणसात युबिक्विटिनसाठी ई१ फक्त दोन, ई२ चाळीसच्या आसपास, ई३ सहाशेहून जास्त. ई२ माल धरतो तो स्वतःच्या सिस्टीन नावाच्या एका अमिनो आम्लाच्या गंधकाने. त्या बंधाला थायोएस्टर म्हणतात. तो बंध कच्चा असतो, आणि या लेखातली निम्मी भानगड त्या कच्चेपणाची आहे.

विकत मिळतं ते ई२ रिकॉम्बिनंट असतं, म्हणजे माणसाचं जनुक बॅक्टेरियात, बहुतेक वेळा ई. कोलायमध्ये, घालून बनवलेलं. बहुतेक ई२ लहान असतात, त्यांना साखरेची सजावट लागत नाही, म्हणून बॅक्टेरियातून ते चांगले निघतात.

१. ऑर्डरच्या आधी थंडीची सोय

लोक आधी कोटेशन मागवतात. तुम्ही आधी जागा शोधा. बहुतेक ई२ सोबतच्या कागदावर उणे सत्तर किंवा त्याखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा यात धरायचाच नाही. उणे वीसचा डीप फ्रीझर थोड्या दिवसांना चालेल, तोही आपोआप बर्फ वितळवणारा नको. तसल्या फ्रीझरमध्ये तापमान दर काही तासांनी वर-खाली होतं आणि एन्झाइमचे हाल होतात. मीठ घातलेला बर्फही उणे वीसच्या खाली फारसा जात नाही, तेव्हा तो नाद सोडा.

मी काय केलं ते सांगते. अमरावतीच्या एका ओळखीच्या विभागात उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये एका डबीपुरती जागा मागून घेतली. मुख्य साठा तिथे. आमच्या गावात फक्त त्या आठवड्याच्या प्रयोगाचे वाटे.

दुसरी सोय डोळ्यांसमोर असून कोणाला सुचत नाही: पशुवैद्यकीय दवाखाना. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला तिथे द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतो, उणे १९६ अंशांचा. लाईन गेली काय नि आली काय, त्याला फरक पडत नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनी आधी मला वेड्यात काढलं, मग प्राचार्यांचं पत्र आणा म्हणाले, आणि पत्र नेल्यावर थर्मासभर नायट्रोजन दिला. पत्र न्याच; तोंडी ओळखीवर सरकारी कंटेनरला हात लावू नका. नायट्रोजन सैल झाकणाच्या भांड्यातच न्यायचा. पिळून बंद केलेला थर्मास म्हणजे फटाका.

२. नाव दोनदा वाचा, मग पुन्हा एकदा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. एकाच ई२ ला दोन-दोन नावं आहेत, एक जुनं आणि एक जनुकाचं. कंपन्या दोन्ही वापरतात.

यूबीसीएच५ए म्हणजे यूबीई२डी१. ५बी आणि ५सी म्हणजे डी२ आणि डी३. हे तिघे भाऊ पुष्कळ ई३ बरोबर चालतात, नवख्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी. १४७ अमिनो आम्लं, जवळपास १७ किलोडाल्टन, कामाचं सिस्टीन ८५ व्या जागी.

यूबीसीएच७ म्हणजे यूबीई२एल३. याचा स्वभाव वेगळा: तो युबिक्विटिन फक्त दुसऱ्या सिस्टीनला देतो, लायसिन या अमिनो आम्लाला देत नाही. म्हणून एचईसीटी जातीच्या आणि पार्किनसारख्या आरबीआर जातीच्या ई३ बरोबर तो चालतो, साध्या रिंग ई३ बरोबर घेतलात तर काही होणार नाही आणि तुम्ही ई३ ला दोष देत बसाल.

यूबीसी१३ म्हणजे यूबीई२एन. युबिक्विटिनच्या त्रेसष्टाव्या लायसिनवरून साखळी बनवायला याला जोडीदार लागतो, यूबीई२व्ही१ किंवा व्ही२. जोडीदाराकडे कामाचं सिस्टीनच नसतं, तो एकटा मागवून उपयोग नाही.

आणि यूबीसी९. माझी दुसरी ऑर्डर हीच होती. जनुकाचं नाव यूबीई२आय, कागदावर ठळक अक्षरांत 'युबिक्विटिन कॉन्जुगेटिंग एन्झाइम'. मी डोळे झाकून मागवलं. हा माणूस युबिक्विटिन धरतच नाही, सुमो नावाचं वेगळं प्रथिन धरतो. तसंच यूबीसी१२ म्हणजे यूबीई२एम, ते एनईडीडी८ साठी. नाव देणाऱ्यांनी घराण्यावरून नाव दिलं, कामावरून नाही. प्रकल्पाचे पैसे संपले होते, तेव्हा ती नळी अजून डबीत आहे.

टॅगही बघा, म्हणजे प्रथिन शुद्ध करता यावं म्हणून त्याला जोडलेला तुकडा. सहा हिस्टिडीनचा छोटा टॅग चालतो. जीएसटी टॅग म्हणजे अंगावर आणखी २६ किलोडाल्टन आणि वर जोडीने राहायची सवय; पहिल्या प्रयोगाला तो नको. (खरेदी विभागात 'जीएसटीवालं नको' म्हणालात तर भलताच गोंधळ होतो, हे अनुभवाने सांगते.)

३. कागद

एकाच फाइलमध्ये, दोन-दोन प्रतींत ठेवा:

- प्रकल्प मंजुरीचं पत्र आणि खर्चाचं शीर्षक दाखवणारं पान
- तीन कोटेशनं. एकच कंपनी ते विकत असेल तर तिचं प्रोप्रायटरी प्रमाणपत्र आणि तुमचं कारण
- केंद्राच्या निधीवर असाल आणि मागितला तर, जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) वस्तू मिळत नसल्याचा रिपोर्ट
- खरेदी समितीचा ठराव
- फक्त संशोधनासाठी वापरू, माणसावर किंवा जनावरावर उपचारासाठी नाही, असं सहीनिशी लिहून दिलेलं पत्र
- संस्थेची डीएसआयआरकडे (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणी असेल तर तिची प्रत. आयात-शुल्काची सवलत लागू असेल तर ती मागतात
- कंपनीकडून त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक

शुद्ध प्रथिन ही जिवंत वस्तू नाही. पण पुढे जनुक आणून स्वतः ई. कोलायमध्ये बनवायचं ठरवलंत, तर १९८९ च्या नियमांखालची संस्थात्मक जैवसुरक्षा समिती लागते. तुमच्या कॉलेजात नसेल तर समिती असलेल्या संस्थेबरोबर काम करा. हे मागाहून करू म्हणू नका.

४. मार्च एन्डचा सापळा

निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. म्हणून आपण सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डरी टाकतो. आयातीचा माल, स्टॉकमध्ये नसलेला, सहा-आठ आठवडे सहज घेतो. म्हणजे उणे सत्तरची वस्तू विदर्भात उतरते बरोबर मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना. माझी पहिली पेटी अशीच आली. पुढच्या वेळी मी भांडून ऑर्डर ऑगस्टमध्ये टाकली आणि माल हिवाळा लागता लागता घेतला.

कंपनीला लेखी कळवा: माल सोमवारी किंवा मंगळवारी निघावा, गुरुवार-शुक्रवारी नाही. पोळा, गणपती, दिवाळीचा आठवडा टाळा. आणि पत्ता नागपूरचा द्या. विमान नागपूरपर्यंत येतं, पुढचे दीडशे किलोमीटर पेटी टेम्पोत कोणाच्या अंगाखाली बसेल याचा भरवसा नाही. माझी पेटी शनिवार-रविवार एका कुरिअरच्या गोदामात पडून होती. पत्र्याचं गोदाम.

५. पेटी आणायला स्वतः जा

नागपूरला ताब्यात घेताना तिथेच, माणसासमोर, पेटी उघडा. आत ड्राय आइस शिल्लक असला पाहिजे. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंश. वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होतो. शिल्लक नसेल तर तसं पावतीवर लिहून घ्या, वेळेसकट फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा. मी तिसऱ्या आठवड्यात कळवलं. उत्तर काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा.

नवा ड्राय आइस नागपुरात विकत मिळतो, फोन करून आधी सांगून ठेवा. साध्या थर्मोकोलच्या पेटीतून दिवसाला दोन ते चार किलो उडून जातो, उन्हाळ्यात जास्तच. पाच किलो घ्या. उघड्या हाताने धरू नका, पेटीला चिकटपट्टी गच्च मारू नका. आणि गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. बाहेर आगीच्या झळा असताना हे जिवावर येतं, पण बंद एसी गाडीत तो वायू साचला तर डोकं गरगरायला लागतं आणि पुढे जिवावरच बेततं.

६. वाटे

एन्झाइम पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की मरत जातं. म्हणून पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच वाटे करून टाका. नळी बर्फावर वितळू द्या. आमच्याकडे बर्फाची मशीन नाही. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणतो आणि गोणपाटात गुंडाळून मोगरीने फोडतो. झाकण उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर झाकणाला चिकटलेला थेंब, म्हणजे तुमचा अर्धा प्रकल्प, बाहेर उडेल. ढवळायला व्होर्टेक्स नको, पिपेटने हळूच वर-खाली.

पाच-पाच मायक्रोलिटर छोट्या नळ्यांत. पातळ करून ठेवू नका, पातळ प्रथिन प्लास्टिकला चिकटून गायब होतं. नळ्यांवर नाव, लॉट आणि तारीख. साधी मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते, वरून सेलोटेप मारा. मग नळ्या नायट्रोजनच्या वाफेवर किंवा ड्राय आइसच्या चुऱ्यात झटपट गोठवा. झाकणं बंद असलेल्या नळ्या द्रवात पूर्ण बुडवू नका: आत द्रव शिरला तर बाहेर काढल्यावर नळी फुटते. चष्मा घाला.

किती प्रयोग होतील याचा हिशेब आधीच करा. ५० मायक्रोग्रॅम, १७ किलोडाल्टन, म्हणजे सुमारे २९४० पिकोमोल. वीस मायक्रोलिटरच्या एका नळीत १ मायक्रोमोलर ठेवलंत तर २० पिकोमोल जातात, म्हणजे १४७ नळ्या. ५ मायक्रोमोलर ठेवलंत तर फक्त २९. गाइड सर सहज म्हणतात, 'जास्त टाक ना थोडं'. हा आकडा त्यांना दाखवा.

७. पहिली चाचणी: ई३ ला हात लावू नका

नवीन लोक थेट आपला ई३ आणि आपलं प्रथिन घेऊन बसतात. काही दिसलं नाही की पाच गोष्टींपैकी कोणती बिघडली ते कळत नाही. आधी एवढंच बघा: ई२ युबिक्विटिन धरतं का? सिस्टीन जिवंत आहे का? अर्ध्या दिवसाचं काम.

वीस मायक्रोलिटरमध्ये: हेपेस बफर ५० मिलिमोलर, पीएच साडेसात, मीठ १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५, ई१ ०.१ मायक्रोमोलर, ई२ २ मायक्रोमोलर, युबिक्विटिन २० मायक्रोमोलर. सगळ्यात शेवटी एटीपी, २ मिलिमोलर. ३७ अंशांना दहा मिनिटं.

एटीपीचं पाणी आम्लधर्मी असतं. पावडर विरघळवून तसंच टाकलंत तर बफर हरतो. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच सातवर आणा, छोटे वाटे करून गोठवा. बफरमध्ये ईडीटीए नको, तो मॅग्नेशियम पळवतो. आणि परदेशी प्रोटोकॉलमध्ये 'खोलीच्या तापमानाला' असं असेल तर ते बावीस ते पंचवीस अंश. मे महिन्यात आमची खोली एकेचाळीस असते.

तीन नळ्या करा. पहिली पूर्ण, ती थांबवायची डीटीटी आणि मर्कॅप्टोइथॅनॉल (ही थायोएस्टर तोडणारी रसायनं) नसलेल्या, जेलवर घालायच्या एसडीएस डायने, आणि उकळायची नाही. दुसरी पूर्ण, पण डायमध्ये १०० मिलिमोलर डीटीटी, आणि गरम करायची. तिसरीत एटीपी नाही, बाकी पहिलीसारखं. १५ टक्क्यांचं जेल, कुमासी रंग.

तिसरीत ई२ चा बँड, म्हणजे जेलवरची रंगलेली रेघ, सतरा किलोडाल्टनला. पहिलीत तो सरकून पंचविसाच्या आसपास गेला पाहिजे, कारण ई२ च्या पाठीवर साडेआठचं ओझं आलं. दुसरीत तो परत सतराला उतरला पाहिजे, कारण डीटीटीने कच्चा थायोएस्टर तोडला. मी हा सरकलेला बँड पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि काका कुलूप घेऊन दारात उभे. "झालं का जी?" झालं होतं.

एक बारीक गोष्ट कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती, आणि माझे चार वाया गेलेल्या जेलपैकी दोन तिच्यामुळे गेले: डीटीटी असलेला नमुना जेलवरच्या शेजारच्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, पाझरतो. पहिली आणि दुसरी नळी शेजारी-शेजारी लावली की पहिलीतलाही थायोएस्टर तुटतो आणि वाटतं एन्झाइमच मेलं. मध्ये निदान एक लेन रिकामी सोडा. मी दोन सोडते. जेल मंद व्होल्टेजवर, टाकीभोवती बर्फ ठेवून चालवा.

८. बँड सरकलाच नाही तर

या क्रमाने बघा. एटीपी जुनं किंवा आम्ल? नवं करा. ई१ गोठवून-वितळवून मेलं? डीटीटी नसलेल्या जेलवर ई१ स्वतः युबिक्विटिन धरतं का बघा. ते ११८ किलोडाल्टनचं असल्याने फरक दिसायला कमी टक्क्यांचं जेल लागेल. ई१ च्या साठवणीच्या बफरमध्ये डीटीटी फार? गुणाकार करून शेवटच्या नळीत किती उरलं ते काढा. हे सगळं ठीक असेल तरच ई२ वर संशय घ्या. आमच्या पहिल्या लॉटचं तेच झालं: लेन सोडल्या, एटीपी बदललं, ई१ चालत होतं, बँड सतराला ढिम्म.

उलटाही प्रकार होतो. डीटीटी घालूनही वरचा बँड उतरत नाही. याचा अर्थ ई२ ने युबिक्विटिन स्वतःच्याच लायसिनला पक्कं बांधून टाकलं. जास्त वेळ ठेवलं की काही ई२ हे हमखास करतात. वेळ कमी करा, पाच मिनिटांवर आणा.

९. रानातल्या वनस्पतींचा अर्क घालणार असाल तर

आपल्याकडे अर्धे प्रकल्प इथेच येतात: मेळघाटातली अमुक साल, तिने ई२ रोखलं. हिरडा, बेहडा, बाभळीची साल यांत टॅनिन भरपूर. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला धरून बसतं, कातडं कमवायला ते वापरतात ते उगाच नाही. तुमचा अर्क ई२ रोखेल, ई१ ही रोखेल, शेजारच्या टेबलावरचं ट्रिप्सिनही रोखेल. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तोच अर्क, त्याच प्रमाणात, एखाद्या असंबद्ध एन्झाइमवर घालून बघा, आणि टॅनिन काढून घेतलेल्या अर्कानेही प्रयोग करा. सोबत ८५ व्या सिस्टीनच्या जागी ॲलानिन असलेलं मेलेलं ई२ मागवलेलं बरं. तो बँड कधीच सरकत नाही, आणि जेल वाचताना डोळ्यांना आधार मिळतो.

वाटे संपत आले की ऑर्डर लगेच टाका. सप्टेंबर असेल तर.